फटीपुरतं पाहणारा माणूस

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पुठ्ठेकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पुठ्ठेकाका, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. ते नाव मीच ठेवलं होतं, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला धारेवर धरायला नको.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. लोकांच्या ऑफिसात जायचं, तिथल्या कॉम्प्युटरांवर चालणारी सॉफ्टवेअर रीतसर परवाना घेऊन चालताहेत की कुठून तरी उचललेली आहेत ते तपासायचं, आणि अहवाल द्यायचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आमच्या संस्थेला हे काम देतात. आम्ही दारात दिसलो की लोकांचे चेहरे असे उतरतात, की मला सुरुवातीला वाटायचं आपल्यालाच काहीतरी झालंय. दोघांनी मिळून जायचा नियम होता. काकांनी तपासायचं, मी लिहून घ्यायचं. अशी सात वर्षं आम्ही जोडीने हिंडलो.

पहिल्या दिवशीचा प्रकार मला अजून आठवतो. एका कारखान्याच्या हिशेबनिसाच्या खोलीत आम्ही गेलो. काकांनी पिशवीतून काळा पुठ्ठा काढला. वहीच्या दोन पानांएवढा, आणि मधोमध बोटभर रुंदीची आडवी फट. हिशेबनिसाला ते म्हणाले, "तुमचं जे काही उघडं असेल ते बंद करा. घाई नाही. मी तिकडे तोंड करून उभा राहतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झाल्यासारखे. मग त्यांनी पुठ्ठा दोन चिमट्यांनी स्क्रीनवर अडकवला, वरखाली सरकवला आणि फटीतून परवान्याची ओळ तेवढी दिसेल असा बसवला. बाकीचा स्क्रीन झाकलेला. ती एक ओळ वाचली, मला सांगितली, पुठ्ठा काढला, पुढचा कॉम्प्युटर.

मला हसू आवरेना. बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "काका, घोड्याला झापडं लावतात तशी तुम्ही कॉम्प्युटरला लावलीत की!"

"कॉम्प्युटरला नाही हो ताई," ते म्हणाले, "मला."

वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण मला कायम ताई म्हणायचे, अहोजाहो करायचे. उंची बेताची, सदरा नेहमी इस्त्रीचा, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. स्वभावाने इतके गरीब, की लिफ्टमध्ये शेवटचं बटण दाबायलाही त्यांना संकोच वाटे. पण एकदा का परवान्याचा विषय निघाला, की हा माणूस पेटायचा. मला त्यात काही कळत नाही हे बघून एकदा त्यांनी बसथांब्यावर उभ्या उभ्या मला समजावून सांगितलं.

"बघा ताई. तुम्ही कॉम्प्युटर घेतला, त्यात सॉफ्टवेअर टाकलं, परवान्याची पंचवीस अक्षरं भरली. आता हे तुम्ही एकाच मशीनवर वापरताय की दहा जणांना वाटलंय, हे कंपनीला कसं कळणार? तर ते सॉफ्टवेअर तुमच्या मशीनचे भाग बघतं. डिस्क कोणती, बोर्ड कोणता, मेमरी किती. त्या सगळ्याचं मिळून एक आकडा करतं आणि तेवढा आकडा दूर कंपनीला पाठवतं. त्या आकड्यावरून डिस्कसुद्धा परत ओळखता येत नाही. कंपनी विचारते, हा आकडा या अक्षरांबरोबर आधी आलाय का? उत्तर येतं, काम झालं. जगात अशी कोट्यवधी मशीनं आहेत. सगळी विचारतात, सगळ्यांना उत्तर मिळतं. आणि या सगळ्यात तुमचं नाव कुठे आहे? तुम्ही कोण, कुठे राहता, रात्री काय वाचता? कुठेच नाही! ज्या कोणी हे पहिल्यांदा बसवलं असेल ना, त्याला माझा नमस्कार आहे."

बस आली नि गेली. काका तिथेच. मीही चढले नाही, कारण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नमस्कार करायचा तर तो देवालाच असं वाटणाऱ्या मला, एक माणूस एका आकड्यापुढे हात जोडतो याचं तेव्हा नवल वाटलं.

मग वरून नवा तपासणी प्रोग्राम आला. आता परवान्याची ओळ शोधून वाचायची गरज नाही. पेनड्राइव्ह लावायचा, प्रोग्राम चालवायचा, खाली 'तपासणी पूर्ण' आणि शेजारी विनापरवाना सॉफ्टवेअर किती ते आलं की काढून घ्यायचा. पुढे तो आमच्या लॅपटॉपला जोडला की अहवाल आपोआप तयार होई, सीलबंद होई, म्हणजे उघडून बघता येई पण बदलता येत नसे (आम्ही तो उघडतही नसू), आणि लॅपटॉपला ऑफिसचं वायफाय मिळालं की आपसूक वर जाई. वायफाय बंद करायची मुभा आम्हाला नव्हती. अहवाल पुसायची तर नव्हतीच. आम्ही कोणाशी संगनमत करू नये म्हणून केलेली ती सोय होती.

दर सोमवारी सगळ्यांचे अहवाल बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठे करून दाखवले जात. नव्या प्रोग्रामचे अहवाल पहिल्यांदा भिंतीवर आले त्या सोमवारी काका रजेवर होते, डोळे तपासायला गेले होते. त्या दिवशी आम्हाला कळलं, की हा प्रोग्राम फक्त सॉफ्टवेअरची यादी आणत नाही, मशीनवरच्या सगळ्या फाइलींची नावंही आणतो. म्हणे, चोरीचा माल कुठे दडवलेला असेल तर सापडावा म्हणून. कुणाच्या तरी मशीनवर 'वजन कमी, या वेळी नक्की' अशी फाइल होती. कुणाच्या 'राजीनामा शेवटचा', 'राजीनामा शेवटचा दोन', 'राजीनामा खरंच शेवटचा'. आम्ही पोट धरधरून हसलो. मीही हसले. काका मंगळवारी आले तेव्हा मी त्यांना यातलं अक्षरही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हसले होते तेही सांगावं लागलं असतं, आणि त्यांच्यासमोर ते जमलं नसतं.

गुरुवारच्या भेटींच्या यादीत एक पत्ता आला आणि मी तो पुन्हा वाचला. चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला, दोन खोल्या. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंचा दवाखाना. तिथे मी दोन वर्षं जात होते.

हे घरी कोणाला माहीत नव्हतं, ऑफिसात तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी मला एके दिवशी खुर्चीतून उठता येईना. पाय धडधाकट, पण उठावं असं काही शिल्लकच नव्हतं. मग जिन्यात छातीत धडधड, लिफ्टमध्ये घाम, सकाळी दात घासायचाही कंटाळा. शेवटी मी स्वतःच शोधून त्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि घरी सांगितलं, की बुधवारी संध्याकाळी शिवणाच्या क्लासला जाते. वर्ष झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वर्षभरात एक फ्रॉकसुद्धा नाही?" तेव्हापासून मी अधूनमधून बाजारातून उशांच्या खोळी आणायची, किमतीची चिठ्ठी काढून टाकायची आणि मी शिवल्या म्हणून दाखवायची. सासूबाई शेजारणीला कौतुकाने दाखवायच्या. इतक्या खोळी झाल्या, की घरात उशा कमी पडायला लागल्या.

आजारी आहे असं सांगून मी गुरुवार चुकवू शकले असते. पण माझ्या जागी दुसरं कोणी गेलं असतं, ही कल्पना जास्त भयंकर होती. गेले.

डॉक्टरबाईंनी दार उघडलं. काकांना नमस्कार केला, मला नमस्कार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं विचारलं, "आपण दोघंच का? या, बसा." बाहेर बसणाऱ्या बाईंनीही मान वर केली नाही. मला त्या दोघींचे पाय धरावेसे वाटले. काकांनी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली, सगळं बंद करायला सांगितलं, पेनड्राइव्ह लावला आणि पुठ्ठा अडकवला. फट अगदी खाली, 'तपासणी पूर्ण' ही ओळ येणार तिथे. मी खिडकीशी जाऊन समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजत राहिले. खरं तर नवा प्रोग्राम चालताना लक्ष ठेवणं माझं काम होतं. फाइलींची नावं तो आणतो हे मला माहीत होतं. पण या दवाखान्यात फाइलींना काय नाव देत असतील, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. कोणी आपल्याला ओळखू नये, एवढ्या एकाच विचाराने डोकं भरलं होतं.

तीन मशीनं झाली. काका म्हणाले, "तिसऱ्यावरच्या एका सॉफ्टवेअरला परवाना नाही, डॉक्टरबाई. मला लिहावं लागेल."

"लिहा," त्या म्हणाल्या. "भाच्याने बसवून दिलं होतं. त्याचा कान मी पिळते."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला, पेनड्राइव्ह जोडला, अहवाल तयार झाला. नेहमी तीन-चार पानांचा होतो. हा एकोणनव्वद पानांचा होता. मी तो उघडला आणि खाली सरकवत गेले. नाव, आडनाव, तारीख. नाव, आडनाव, तारीख. डॉक्टरबाई प्रत्येक माणसाची फाइल त्याच्या पूर्ण नावाने आणि तो पहिल्यांदा आला त्या तारखेने ठेवत होत्या. माझ्या मुलाच्या शाळेतल्या एका बाईंचं नाव दिसलं. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचं दिसलं, जे जिन्यात सगळ्यांना हसवतात. आणि मग माझं. आडनावासकट, आणि ती तारीख, जी मी जन्मात विसरणार नाही. काका शेजारी बसले होते. मी झाकण खाडकन मिटलं.

"काय झालं?"

"काका, यात नावं आहेत. फाइलींची म्हणजे... माणसांची. सगळ्यांची."

 पुढच्या थांब्यावर ते उठले आणि उतरले. मी मागोमाग. तिथून चालत ऑफिसपाशी आलो, पण आत गेलो नाही.

आमच्या ऑफिसचं वायफाय फाटकापर्यंत पोचायचं. रस्त्याच्या या बाजूच्या बाकावर ते मिळत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण शिपाईदादा फोनवर मॅच बघायला फाटकाशी उभे राहायचे. आम्ही त्या बाकावर बसलो. दुपारचे तीन वाजले होते. पाचपर्यंत अहवाल जायला हवा होता. समोर ऑफिस, मधे रस्ता, आणि माझ्या मांडीवर हजारएक माणसं. सोमवारी ती भिंतीवर येणार होती. मीही येणार होते. मला त्या खोलीतलं हसू आत्ताच ऐकू येत होतं. त्या हसण्यात माझा आवाज कुठला हेही ओळखू येत होतं.

"मी पुठ्ठा लावला," काका म्हणाले. "लावला, आणि त्याच्याखाली स्क्रीनवर ही नावं सरकत होती. पुठ्ठा नसता तर मला दिसलं असतं. मी थांबवलं असतं."  "दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती ताई. माझ्याकडूनच व्हायची ती."

"चूक प्रोग्रामची आहे."

"पेनड्राइव्ह मी लावला."

मी म्हणाले, "काका, काहीतरी करा. त्या लोकांचा विचार करा." लोकांचा म्हणाले खरी, पण मनात एकच माणूस होतं. इतकी अप्पलपोटी मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यापूर्वी कोणालाच सांगितलं नसावं. चाळिशीपर्यंत ते एका फोटो लॅबमध्ये होते. लोक रोल टाकून जायचे, काका अंधाऱ्या खोलीत फोटो छापायचे. कागदावर किती उजेड द्यायचा ते ठरवायला ते काळा पुठ्ठा धरायचे, थोडाथोडा सरकवत. रंग नीट आला का, फोटो स्पष्ट आहे का, एवढंच बघायचं. कोण आहे ते बघायचं नाही. असे त्यांनी लाखो फोटो छापले. एकदा त्यांच्या शेजारची मुलगी एका फोटोत दिसली. तळ्याकाठी, मैत्रिणी आणि दोन-तीन मुलगे, सगळे हसताहेत. घरी जेवताना काका सहज म्हणाले, "शेजारच्या पोरीचा फोटो काय छान आलाय, तळ्याकाठचा." जेवायला शेजारच्या काकूही बसल्या होत्या. आठ दिवसांत त्या मुलीचं कॉलेज सुटलं. दोन महिन्यांत तिचं लग्न लावून तिला लांब पाठवलं.

"मी फक्त छान आलाय म्हणालो," काका म्हणाले. "दुसरं काही म्हणालो नाही. ती जाताना माझ्या पाया पडली ताई. तिला माहीतच नव्हतं, मी काय केलं ते."

एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप माझ्या मांडीवरून घेतला. पिशवीतून छोटा पेचकस काढला. बाकावर बसून, समोर ऑफिसची माणसं येता-जाता दिसत असताना, त्यांनी लॅपटॉप पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढून चष्म्याच्या घरात ठेवला. बारा स्क्रू. डिस्क बाहेर काढली, पेनड्राइव्हसकट रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. संस्थेच्या मालाला हात लावला की नोकरी जाते, हे आम्ही दोघंही जाणून होतो. ज्याला लिफ्टचं बटण दाबायला संकोच वाटतो, तो माणूस हे करत होता. मी नुसती बघत राहिले.

दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो. डॉक्टरबाई दारात आल्या. काकांनी रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"हे तुमचं आहे. चुकून आमच्याकडे आलं."

"काय आहे यात?"

"मी वाचलेलं नाही," काका म्हणाले. "फाइलींची नावं आहेत, एवढं कळलं. तुमच्या हाताने मोडून टाका. आणि पुढे फाइलींना नावं देऊ नका बाई, आकडे द्या. आकडे चांगले असतात."

डॉक्टरबाईंनी रुमाल दोन्ही हातांत घेतला. 

तिथेच, दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून काकांनी कोऱ्या कागदावर अहवाल लिहिला. मशीनं तीन. दोन रीतसर. तिसऱ्यावर एका सॉफ्टवेअरला परवाना नाही. मी म्हणाले, "अहो, आता तरी ते वगळा."  "परवाना कंपनीचा आहे ताई," ते म्हणाले. "तो मी कसा सोडणार?"

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. साहेब टेबलापलीकडे, मुख्य कचेरीतल्या एक बाई स्क्रीनवर. काका हात मागे बांधून उभे, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत.

"चाळीस ठिकाणी हा प्रोग्राम चालला," साहेब म्हणाले. "कोणाची तक्रार नाही. फाइलींची नावंच तर आहेत, आतलं कोण वाचतंय? आणि तुम्ही नेमकी याच दवाखान्याची डिस्क काढून देता! लोक काय म्हणतील? डॉक्टरबाईंनी तुम्हाला काय दिलं?"

"काही नाही. त्यांच्या विरुद्ध जे होतं ते मी लिहून दिलंय."

"ते दाखवायला लिहिलं असेल. मोठं काहीतरी लपवलंत."

"तिथे फाइलीचं नाव म्हणजे माणसाचं नाव होतं, साहेब."

"असं म्हणता ना? मग एक नाव सांगा. एकच. आम्ही त्या माणसाला विचारू, खातरजमा करू, विषय संपला. डॉक्टरबाईंचं पत्र मला नको, त्या तर तुमच्या बाजूने बोलणारच. मला एक नाव हवं."

 स्क्रीनवरच्या बाई म्हणाल्या, "एकही आठवत नाही?"

"नाही."

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही बरोबर होतात. तुम्ही पाहिलीत का यादी?"

मी उठले. तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आज मला खरंच सांगता येणार नाही. हो म्हणणार होते की नाही म्हणणार होते, कोण जाणे. पण माझ्या आधी काका बोलले, आणि जरा मोठ्याने बोलले.

"त्यांना यातलं काही माहीत नाही. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बसा ताई."

मी बसले, आणि बसता बसता मला कळलं. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. सात वर्षांत या माणसाच्या तोंडून मी एकही खोटी गोष्ट ऐकली नव्हती, कंडक्टरने सुटे विचारले तर खिशातली शेवटची चिल्लर दाखवणारा माणूस. आणि तो आता साहेबांच्या तोंडावर सरळ खोटं बोलला होता. बसमध्ये झाकण मिटायच्या आधी, शेजारी बसून, त्यांनी ती एक ओळ पाहिली होती. माझी.

काकांकडून तपासणीचं काम काढून घेतलं. त्यांना तळघरातल्या भांडारात पाठवलं, जुने मॉनिटर मोजायला. चौकशीचा निकाल लागेपर्यंत तिथेच. कँटीनमध्ये लोक बोलायचे, "दिसतात साधे, पण हात मारला बुवा म्हाताऱ्याने." मी ऐकायची आणि पोळी चघळत बसायची.

अकरा दिवस मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चोरून बघायची. रोज सकाळी ते जिन्यात भेटायचे, म्हणायचे, "काय ताई, बस वेळेवर आली का?" नेहमीसारखेच. आवाजात एक मऊपणा जास्त नाही, डोळ्यांत एक कीव जास्त नाही. लोकांना आपल्याबद्दल काही कळलं की ते लपवता येत नाही. जरा हळू बोलतात, जरा जपून हसतात. यांनी माझं सगळ्यात मोठं गुपित पाहिलं होतं, त्याच्यापायी अब्रू घालवली होती, आणि माझ्याशी बोलताना त्यांना ते गुपित माहीतच नव्हतं! हे कसं करतात? मला तर शेजारणीने नवी चप्पल घेतली तरी चेहऱ्यावरून लपवता येत नाही. मी या माणसाच्या पुठ्ठ्याची सात वर्षं टिंगल केली होती. आता कळत होतं, की पुठ्ठा आम्हाला दिसावा म्हणून होता. त्यांना त्याची कधीच गरज नव्हती. मला भीती वाटावी इतका तो माणूस मोठा वाटायला लागला.

रविवारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"  सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या खोळी बाजारातल्या?" मग जवळ ओढून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तरीसुद्धा म्हणाल्या, "मी सगळ्यांना दाखवल्या की गं."

सोमवारी बैठकीत भिंतीवर कुठल्याशा ऑफिसचे अहवाल चालू होते. कुणाच्या तरी फाइलीचं नाव आलं आणि हशा पिकला. मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"साहेब, तुम्हाला एक नाव हवं होतं," मी म्हणाले. "माझं घ्या. मी त्या दवाखान्यात दोन वर्षं जातेय. माझी फाइल तिथे आहे, माझ्या पूर्ण नावाने. ती यादी वर गेली असती तर आज मी या भिंतीवर असते. आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, काकांच्या नाही."

 कोणीतरी भिंतीवरचा उजेड बंद केला. साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "बसा. बसा तुम्ही." पाठीमागून आमच्या हिशेबाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा जाते हो एका ठिकाणी. वेगळ्या." मी वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं, एवढं मी शिकले होते.

दुपारी काकांवरची चौकशी मागे घेतल्याचा कागद निघाला. फाइलींची नावं आणणारा भाग आठवड्याभरात प्रोग्राममधून काढला. पण त्या दुपारी चौकशी संपल्याची बातमी घेऊन मी तळघरात धावले तेव्हा काका आधीच सगळं ऐकून बसले होते. हातात एक मॉनिटर होता, आणि ते रागावले होते. सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं बघत होते.

"कशाला बोललात?" ते म्हणाले. "मी काय मरत होतो का इथे? मॉनिटर मोजतोय, आरामात आहे. ते तुमचं होतं ताई. तुमचं एकटीचं!"

"माझं होतं, म्हणून तर मला सांगता आलं," मी म्हणाले. "तुम्हाला नसतं सांगता आलं."

त्यांनी मॉनिटर खाली ठेवला. तोंड फिरवून चष्मा पुसला. मग परत माझ्याकडे वळले आणि नीट, सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत, जे सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि गेले अकरा दिवस ओठांवर असूनही ज्याचा एक शब्द बाहेर पडू दिला नव्हता, ते विचारलं.

"आता बरं आहे ना तुम्हाला?"

मी हो म्हणाले आणि तिथेच खोक्यावर बसून रडले. काका समोरच्या खोक्यावर बसून राहिले, आणि या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.